उष्टा धोटा
मामा वरेरकरांच्या गिरणी कामगारांवरच्या कादंबरीचे नाव ‘धावता धोटा’. फरीदाबादसारख्या कारखान्यांच्या शहरात हिंदी वाचकाला धोटा म्हणजे ढरकी, एवढे सांगून भागते. मुंबईचा इतिहास मात्र त्या शब्दात येत नाही. कांडी बदलली की विणकर सुताचे टोक तोंडाने ओढून धोट्यातून काढी. अस्पृश्याचा उष्टा धोटा तोंडाला कसा लावायचा, म्हणून त्यांना विणाई खात्याबाहेर ठेवले गेले. आणि पगार जास्त त्याच खात्यात! १९२८च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे मांडला. मालकाविरुद्ध एक झालेला वर्ग साच्यापाशी दुभंगलेला होता. याला नुसती जुनी समजूत म्हणणे मला पटत नाही. त्या विटाळाने सवर्ण विणकराची जागा आणि मजुरी दोन्ही राखली जात होती.