पलीकडची

प्रवरासंगमावर पिंड ठेवला आणि कावळा लगेच शिवला. 'काही मागं ठेवलं नाही म्हातारीनं,' असं सगळे समाधानानं म्हणतात. नव्वदी ओलांडलेली, पणतवंडं मांडीवर खेळवलेली बाई. मोठ्यानं कुणी रडतही नाही. तू मात्र घाटाच्या पायरीवरून उठत नाहीस. तिची इच्छा राहिली नसेल, तुझी राहिली आहे. तुला ती आजी व्हायच्या आधीची बघायची आहे.

मग ऊठ. गाडीत बसू नकोस. नगरच्या रस्त्यानं घोडेगावकडं चालायला लाग आणि वर्षं मागं पडू देत.

गावात शिरतेस तेव्हा शुक्रवार आहे, जनावरांचा बाजार भरलाय. शेणाचा, कडब्याचा, बिडीचा वास. म्हशीला टेकून उभ्या पुरुषांत एकच बाई, पदर कमरेला खोचलेली. आजोबा जाऊन वर्ष झालेलं. व्यापारी रुमालाखाली हात पुढं करतो, आणि तीही आपला हात रुमालाखाली घालते. बोटं काय बोलतात ते तुला दिसत नाही. व्यापाऱ्याचा चेहरा पडलेला तेवढा दिसतो.

आणखी मागं. आता झाडांना पानं नाहीत. १९७३ चा उन्हाळा, रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग. बायकांच्या रांगेत ती शोधायला तुला वेळ लागतो, कारण सगळ्यांचे केस धुळीनं पांढरे झालेत आणि पांढरे केस हीच तुझ्यासाठी तिची ओळख आहे. बोटांना चिंध्या गुंडाळून ती हातोडी मारते. दर घावाला डोळे मिटते, कपची उडेल म्हणून. तुझा बाप ढिगाच्या सावलीत बसलाय. सुकडी वाटली जाते तेव्हा ती दोन घास खाते, उरलेली पदराच्या गाठीला बांधते. घरी लाल मिलोची भाकरी असते. ती घशाखाली उतरत नाही, पण नावं ठेवायची सोय नाही. संध्याकाळी मुकादमाच्या हजेरीपत्रकावर तिचा अंगठा उमटतो.

त्या मे महिन्यात महाराष्ट्रात जवळपास ५० लाख माणसं अशी दुष्काळी कामांवर होती. रोजगार हमीचा कायदा पुढं १९७७ साली झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. वि. स. पागे यांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे आणि ते योग्यच आहे. पण काम मागणं हा हक्क आहे, हे या माळावरच्या बायकांनी आपल्या हातांनी आधी सिद्ध केलं, असं मला मनापासून वाटतं. ते अंगठे कुणी जपून ठेवायला हवे होते.

तू हाक मारत नाहीस. तिला तू ठाऊक नाहीस.

अजून मागं, १९४८ च्या पावसाळ्यात. रात्र आहे, चिखल आहे. गोदावरीपलीकडं निजामाचं राज्य. रझाकारांच्या धाकानं मराठवाड्यातली माणसं घरदार टाकून अलीकडं येताहेत. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरतील, १७ ला निजाम शरण येईल. आज रात्री हे कुणालाच माहीत नाही. रस्त्यावरून चाललेल्या घोळक्यात तूही आहेस. कुणाच्या खांद्यावर पोर, कुणाच्या डोक्यावर बोचकं. एका दाराशी सगळे थांबतात.

आत कुजबुज चालली आहे. सासू म्हणते, कडी काढू नको. नवी सून गप्प. तिचं माहेर दीड-दोन कोसांवरचं शिंगणापूर, जिथं घरांना दारंच नसतात. सासरी आल्यापासून बंद दाराआड तिला झोप लागत नाही, हे तिनं अजून कुणाला सांगितलेलं नाही.

कडी वाजते. दार उघडतं. हातात चिमणी घेतलेली पंधरा वर्षांची पोर, कपाळभर कुंकू, आणि हनुवटीवर तेच गोंदण, ज्यावर तू लहानपणी बोट ठेवून झोपायचीस. ती लेकुरवाळ्यांना आधी आत घेते. सासू पाठीमागून बोलत राहते, ती ऐकून घेत चूल पेटवते, पिठात हात घालते. भाकरी थापण्याचा तो आवाज तुला पाठ आहे.

सगळ्यांना वाढून झाल्यावर ती तुझ्यापुढं येते.

"तू पन पलीकडचीच का?"

तू मान हलवतेस. डोळ्यांतलं पाणी थांबत नाही. ती चिमणी जरा वर धरून तुझा चेहरा बघते आणि गरम भाकरी तुझ्या हातावर ठेवते.

"आधी खाय. रडाया सारी रात पडलीय."