टॉवर म्हणाला, मी आहे

घटना ऑस्ट्रेलियातली, पण घड्याळ नागपूरच्या महालातलं लावलंय. नोव्हेंबरात सिडनी-मेलबर्न आपल्या साडेपाच तास पुढं असतात, हे महालातल्या कितीतरी घरांना तोंडपाठ आहे. मुलगा तिकडं, आई-बाबा इकडं. फोन करायचा तर आधी मनात साडेपाच मिळवायचे. त्या मंगळवार-बुधवारच्या रात्री असे साडेपाच मिळवूनही फोन लागत नव्हते.

मंगळवार, ७ नोव्हेंबर २०२३. दुपारी २ (सिडनीत संध्याकाळी ७.३०). नेटवर्क बंद पडायला उरले ८ तास ३५ मिनिटं

मुंबईत वानखेडेवर विश्वचषकाचा सामना सुरू होतोय, ऑस्ट्रेलिया विरुद्ध अफगाणिस्तान. आपला संघ खेळत नाही, तरी महालातल्या दुकानांत टीव्ही चालू. बाहेर दिवाळीची गर्दी. परवा वसुबारस, रविवारी लक्ष्मीपूजन. गांधी गेटपासून बडकस चौकापर्यंत दुचाकी ढकलत नेण्याचे हे दिवस.

मेलबर्नमध्ये आज सुट्टी आहे. नोव्हेंबरातल्या पहिल्या मंगळवारी तिथं घोड्यांची मोठी शर्यत असते आणि तिच्यासाठी अख्खं शहर कामावर जात नाही. म्हणजे बुधवारी सकाळी सगळे एकदम बाहेर पडणार.

संध्याकाळी ६.३० (सिडनीत मध्यरात्र). उरले ४ तास ५ मिनिटं

इकडं दिवेलागण, तिकडं मध्यरात्र. मोबाइल कंपन्यांची दुरुस्तीची वेळ मध्यरात्रीनंतरच असते. लोक झोपलेले, वापर कमी, काही बिघडलं तरी सकाळपर्यंत सावरता येतं. ऑप्टस ही ऑस्ट्रेलियातली दुसऱ्या क्रमांकाची मोबाइल कंपनी. ग्राहक एक कोटीच्या वर, शिवाय चार लाख व्यवसाय. मालक सिंगापूरची सिंगटेल. त्या रात्री ऑप्टसच्या स्वतःच्या यंत्रणेतही अपग्रेडचं काम चालू होतं. हे लक्षात ठेवा. पुढं याच कामानं अभियंत्यांना चुकीच्या रस्त्याला लावलं.

रात्री ८ च्या आसपास

ऑस्ट्रेलिया ७ बाद ९१, लक्ष्य २९२. टीव्हीपुढचे निम्मे लोक उठून गेले असतील. जे बसून राहिले त्यांनी ग्लेन मॅक्सवेलला पाहिलं. पायात गोळे आलेले, धावता येत नाही, एका जागी उभं राहून तो चेंडू स्टँडमध्ये फेकतोय. दुसऱ्या टोकाला पॅट कमिन्स ६८ चेंडू खेळून नाबाद १२. मॅक्सवेल १२८ चेंडूंत नाबाद २०१. आठव्या गड्यासाठी २०२ ची अभेद्य भागीदारी. सामना तीन गडी राखून संपला, तेव्हा सिडनीत पहाटेचे चार वाजत आले होते. जागं राहून हा सामना पाहणारी मराठी घरं तिथं नक्कीच असणार. अशा घरातला जो कोणी त्या वेळी नागपूरला मेसेज टाकायला फोन हातात घेऊन बसला असेल, त्याच्या हाती फार वेळ नव्हता.

रात्री १०.३५ (सिडनीत पहाटे ४.०५)

सिंगटेलची आंतरराष्ट्रीय इंटरनेट एक्स्चेंज आहेत. त्यांपैकी उत्तर अमेरिकेतल्या एका ठिकाणी नेहमीचं सॉफ्टवेअर अपग्रेड झालं. ते चालू असताना तिथली वाहतूक दुसऱ्या राउटरकडून आली आणि त्यानं ऑप्टसला मार्गांची माहिती पाठवली. नेहमीपेक्षा खूप जास्त.

राउटरांचं काम असं की अमुक पत्त्यावर जायला कुठून जावं हे ते शेजाऱ्यांना सतत सांगत असतात. चिटणीस पार्ककडं कसं जायचं, हे कोपऱ्यावरच्या पानवाल्याला विचारलं तर तो सांगतो. एका मिनिटात पाचशे माणसं विचारायला आली तर तो शटर ओढून घेतो. ऑप्टसच्या राउटरांना अशीच मर्यादा घातलेली होती: इतके मार्ग आले की स्वतःला नेटवर्कपासून तोडून घ्यायचं. ही सुरक्षेची सोय होती. कंपनीनं ती मर्यादा उत्पादकानं ठेवलेल्या मूळ आकड्यावरच राहू दिली होती.

सुमारे ९० राउटरांनी एकामागोमाग एक स्वतःला तोडून घेतलं. मोबाइल बंद, घरचं ब्रॉडबँड बंद, लँडलाइन बंद. यंत्रणा वाचवण्यासाठी जे बसवलं होतं, त्यानंच यंत्रणा बुडवली.

रात्री ११ ते १२

मेलबर्नमध्ये पहाटेच्या लोकल थांबतात. चालक आणि नियंत्रण कक्ष यांचं बोलणं ज्या जाळ्यावरून होतं ते ऑप्टसवर होतं. संपर्क तुटला की गाडी जागेवर उभी करायची, हा नियम. तो पाळला गेला. गाड्या नंतर सुरू झाल्या, पण सगळ्या उशिरानं. सुट्टीनंतरची पहिली सकाळ, आणि फलाटावरच्या माणसाला उशीर होतोय एवढंही कळवता येत नाही.

महालात या वेळी फोन हाती असलेल्यांना एकच गोष्ट दिसली असती: पाठवलेल्या मेसेजपुढं एक राखाडी टिक. दुसरी येत नाही. रात्री अकराला यात विशेष काय? तिकडं पहाट, झोपला असेल.

बुधवार, ८ नोव्हेंबर. रात्री १ च्या पुढे (सिडनीत सकाळचे पावणेसात)

कंपनीचं पहिलं जाहीर निवेदन: अडचण लक्षात आली आहे, काम चालू आहे. बंद पडून अडीच तासांच्या वर झालेत. ज्यांचं इंटरनेट बंद आहे त्यांच्यासाठी हे निवेदन इंटरनेटवर टाकलं गेलं. यावर नंतर तिकडं भरपूर टीका झाली आणि ती रास्तच होती. रेडिओ नावाची वस्तू अशा सकाळीच कामाची असते.

आत अभियंते आपलंच रात्रीचं काम तपासत होते. रात्री आपण अपग्रेड केलं, पहाटे बंद पडलं, म्हणजे आपल्याच अपग्रेडनं पडलं. तर्क सरळ होता. त्यांनी सगळं पूर्वस्थितीला नेलं. काही फरक पडला नाही. मग सहा वेगवेगळ्या शक्यता एकाच वेळी तपासायला घेतल्या. यात तास गेले.

आणि आणखी एक पेच. तुटलेल्या राउटरपर्यंत दुरून पोहोचायचा रस्ता त्याच तुटलेल्या जाळ्यातून जात होता. शेवटी माणसांना गाड्या काढून १४ ठिकाणी जावं लागलं, उपकरणासमोर उभं राहून ते बंद-चालू करायला. एवढ्या मोठ्या कंपनीचा इलाज अखेर तोच निघाला, जो घरी मोबाइल अडकल्यावर आपण करतो.

रात्री २ ते पहाटे ४ (सिडनीत ७.३० ते ९.३०)

महाल झोपलेला. सिडनीत दुकानं उघडतायत आणि कार्डाची यंत्रं चालत नाहीत. रॅमसे या खासगी रुग्णालय समूहाच्या फोन लाइन्स गेल्या आहेत. दळणवळण मंत्री मिशेल रोलँड पत्रकारांना सांगतात की बिघाड जाळ्याच्या खूप आतला आहे, आणि कंपनीनं लोकांशी बोलावं.

हे वाचताना आपल्याकडचा बाजार डोळ्यांपुढं येतो. पैसे मिळाल्याचं ओरडून सांगणारी काउंटरवरची ती डबीही एका सिमकार्डावरच चालते. दिवाळीच्या ऐन गर्दीत एखादं जाळं सात-आठ तास गेलं तर सुट्टे पैसे किती जणांच्या खिशात निघतील?

पण खरं संकट दुकानांत नव्हतं. ते ०००मध्ये होतं.

ऑस्ट्रेलियात पोलीस, अग्निशमन, रुग्णवाहिका यांचा क्रमांक तीन शून्यं. आपल्या सवयीनं मोबाइलवरून ११२ लावला तरी तो तिथं ०००लाच पोहोचतो. नियम असा की तुमच्या कंपनीचं नेटवर्क नसेल तर तातडीचा कॉल हाती लागेल त्या दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून जातो. फोन हे स्वतःच करतो. मग ऑप्टस गेलं तरी टेल्स्ट्रा आणि व्होडाफोन होतेच की!

त्यासाठी एक अट आहे. आपलं नेटवर्क गेलंय हे फोनला कळलं पाहिजे. टॉवरचा आतल्या यंत्रणेशी संबंध तुटला तर त्यानं हवेत सिग्नल सोडणं थांबवायचं असतं, म्हणजे फोन त्याचा नाद सोडून दुसरीकडे जातो. त्या दिवशी ऑप्टसचे ३जी टॉवर गप्प झाले नाहीत. मागं काही उरलेलं नव्हतं, तरी ते सिग्नल देत राहिले. दुरून ते बंद करावेत, तर व्यवस्थापनाचा रस्ताच तुटलेला. फोनला टॉवर दिसत होता, म्हणून तो तिथंच कॉल लावत राहिला आणि कॉल कुठंच जात नव्हता.

पूर्ण मेलेलं नेटवर्क परवडतं. पडद्यावर ‘सर्व्हिस नाही’ दिसतं, माणूस शेजाऱ्याचं दार वाजवतो, फोन दुसरा टॉवर शोधतो. अर्धवट जिवंत नेटवर्क दोघांनाही अडकवून ठेवतं. या घटनेतला सगळ्यात गंभीर धडा माझ्या मते हा आहे, आणि राउटरांच्या चर्चेत तो मागं पडला.

पहाटे ५ (सिडनीत सकाळी १०.३०)

आश्विन संपत आला, देवळांतून काकड आरतीची वेळ. सिडनीत ऑप्टसच्या मुख्याधिकारी केली बेयर रोझमरिन रेडिओवर बोलतात. व्हॉट्सॅप कॉलवरून. बिघाडाचं कारण त्यांना अजून नक्की माहीत नाही. बंद पडून साडेसहा तास होत आलेत.

सकाळी ७.३० (सिडनीत दुपारी १)

काही ठिकाणी सेवा परतू लागल्याचं कंपनी सांगते. सकाळी उठून फोन हातात घेतलेल्या महालातल्या घरांत रात्रीच्या मेसेजवर अजून तीच एक टिक, किंवा नशीब बरं असेल तर दुसरी आलेली. तिकडं दुसऱ्या कंपनीचं सिम असलेली सून असेल, तर तिचा फोन आधीच आला असेल. एका घरात दोन कंपन्यांची सिम ही अशी कामाला येतात.

दुपारी १२ (सिडनीत संध्याकाळी ५.३०)

जवळजवळ सगळं पूर्ववत. तेरा-चौदा तास गेले.

त्यानंतरचे दिवस

वसुबारसेला कंपनीनं ग्राहकांना २०० जीबी डेटा मोफत देऊ केला. नेटवर्क बंद पडल्याची भरपाई म्हणून आणखी नेटवर्क. लोकांनी काय म्हटलं ते इथं छापण्याजोगं नाही. १७ नोव्हेंबरला सिनेटच्या समितीपुढं जाळ्याचे प्रमुख म्हणाले की एवढं सगळं एकदम बंद पडेल अशा प्रसंगाची योजनाच तयार नव्हती. दरम्यान ऑप्टसनं बोट सिंगटेलच्या अपग्रेडकडं दाखवलं होतं. सिंगटेलनं सुनावलं की अपग्रेड हे मूळ कारण नव्हे, तुमच्या राउटरांची मर्यादा हे कारण आहे. मालक आणि मालकीची कंपनी असे जाहीर भांडताना क्वचितच दिसतात. २० तारखेला मुख्याधिकाऱ्यांनी राजीनामा दिला.

०००ला न लागलेल्या कॉलचा आकडा आधी २२८ सांगितला होता. वर्षभरानं, नोव्हेंबर २०२४ मध्ये, नियामक संस्थेची चौकशी संपली तेव्हा तो निघाला २,१४५ माणसांचा. त्यांतल्या ३६९ जणांना नंतर फोन करून ‘तुम्ही ठीक आहात ना’ हे विचारायचं कंपनीवर बंधन होतं. तेही झालं नव्हतं. दंड १.२ कोटी डॉलरांच्या वर.

१८ सप्टेंबर २०२५

पुन्हा ऑप्टस, पुन्हा मध्यरात्रीनंतरचं काम, या वेळी फायरवॉलचं अपग्रेड. साधे कॉल सगळे चालू, फक्त ०००चे बंद, तेही मुख्यतः दक्षिण व पश्चिम ऑस्ट्रेलिया आणि नॉर्दर्न टेरिटरीत. साधे कॉल चालू असल्यामुळं कंपनीच्या पडद्यांवर सगळं ठीक दिसत होतं. बारा तासांहून जास्त वेळ हे चाललं आणि त्या काळात मदत मागू पाहणाऱ्या काहींचे मृत्यू झाले. टॉवर याही वेळी म्हणत होते, मी आहे.

त्यानंतरच्या तपासण्यांत गोष्ट थेट हँडसेटपर्यंत पोहोचली. ऑस्ट्रेलियातलं ३जी २०२४ मध्ये कायमचं बंद झालंय. सॅमसंगची सुमारे ७० जुनी मॉडेलं अशी निघाली की फक्त व्होडाफोनचं जाळं उपलब्ध असेल तेव्हा ती ०००साठी त्याचं बंद झालेलं ३जीच शोधत बसतात. रोजचे कॉल नीट लागतात, म्हणून कुणाला शंका येत नाही. बहुतेकांना सॉफ्टवेअर अपडेट पुरेसं होतं. गॅलेक्सी एस६, एस७ सारख्या काहींना अपडेटच नव्हतं. असे फोन काही आठवड्यांची मुदत देऊन जाळ्यावरून काढून टाकायचं ठरलं.

मुलानं नवा फोन घेतला की जुना बाबांकडं येतो. बाबा सहा महिन्यांसाठी मेलबर्नला नातवाकडं निघाले की तोच फोन त्यांच्या खिशात परत तिकडं जातो, आणि विमानतळावर त्यात स्वस्तातलं सिम पडतं. जायच्या आधी सेटिंगमध्ये सॉफ्टवेअर अपडेट उघडून बघा. ‘तुमचा फोन अद्ययावत आहे’ एवढं वाचून थांबू नका, खालची तारीख वाचा. ती चार-पाच वर्षांपूर्वीची असेल, तर तो फोन महालातच राहू द्या.