आपल्या शाळेची संगणक खोली

स्मरणिका समितीने मला 'शाळेतील संगणक शिक्षणाचा इतिहास' असा भारदस्त विषय दिला आहे. मी काही इतिहासकार नाही. एसटी स्टँडासमोर माझं डीटीपीचं दुकान आहे; लग्नपत्रिका, पावती पुस्तकं, कार्यअहवाल हा माझा धंदा. पण मी १९८७ च्या दहावीचा. म्हणजे त्या खोलीत पहिलं मशीन आलं तेव्हा मी तिथे होतो, आणि अजूनही महिन्यातून दोनदा तिथे जातो. तेव्हा जे पाहिलं ते सांगतो.

केंद्र सरकारने १९८४ साली शाळांसाठी संगणक साक्षरतेची 'क्लास' नावाची योजना काढली. तिच्यातून निवडक शाळांना बीबीसी मायक्रो नावाचे संगणक मिळाले. ब्रिटनमधल्या एकॉर्न कंपनीने तिथल्या बीबीसीच्या शैक्षणिक उपक्रमासाठी तयार केलेलं हे मशीन. मेमरी ३२ केबी. आज सकाळी मोबाइलवर येणारा 'शुभ प्रभात'चा फोटो याच्यापेक्षा मोठा असतो! आपल्याकडे दोन मशीन आली. प्रयोगशाळेशेजारची खोली रंगवली, पडदे लावले आणि दाराबाहेर चपला काढायचा नियम झाला. तेवढा नियम देवळात आणि तिथेच. एका मशीनवर चौघं बसायचो. एकाने टाइप करायचं, तिघांनी चुका सांगायच्या.

ऑपरेटिंग सिस्टीम हा शब्द तेव्हा आमच्या कानावरूनही गेला नव्हता, कारण निवडायला काही नव्हतंच. ती रॉमच्या चिपमध्ये कायमची बसवलेली असायची. बटण दाबलं की दोन सुरांत बीप, आणि क्षणात बेसिक तयार. आजचा कुठलाही संगणक इतक्या लवकर कामाला लागत नाही. गणिताचे सर आम्हाला पाढे छापणारा प्रोग्रॅम लिहायला लावायचे. आमच्या त्या मशीनवर मराठीचा मात्र पत्ता नव्हता. स्वतःचं नाव पडद्यावर बघायचं तर इंग्रजीतच.

मराठी आली ती पीसी आणि डॉसच्या काळात, आणि तीही आधी कचेरीत. पुण्यात १९८८ साली सी-डॅक स्थापन झालं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेल्या कामातून तयार झालेलं जिस्ट कार्ड त्यांनी पुढे आणलं. हे कार्ड पीसीच्या आत बसवलं की डॉसच्या काळ्या पडद्यावर देवनागरी दिसायची. त्याच्यामागे इस्की नावाची सांकेतिक पद्धत होती, तिला १९९१ मध्ये भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. कीबोर्ड इनस्क्रिप्ट: डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. आपल्या हेडक्लार्क भाऊसाहेबांची सगळी हयात मराठी टाइपरायटरवर गेलेली. त्यांनी आठ दिवस कुरकुर केली आणि नवव्या दिवशी निकालपत्रकं काढायला लागले. १९९१ ते ९४ चे निकाल आणि स्नेहसंमेलनाच्या याद्या त्यांनी अशा केल्या. त्या सव्वापाच इंची फ्लॉप्यांवर आहेत. त्यांच्याकडे शेवटी येतो.

१९९५ साली विंडोज ९५ आलं. फ्लॉप्यांवर घेतलं तर एकामागून एक तेरा घालायच्या. याच सुमारास मी दुकान टाकलं. लोक मला अजून विचारतात, तुम्ही विंडोजच का घेतलं? खरं सांगायचं तर मी विंडोज घेतलं नाही. मी पेजमेकर, कोरल ड्रॉ आणि मराठी फॉन्टचं पॅकेज घेतलं. ते ज्याच्यावर चालत होतं ते आपोआप आलं. मुंबईतल्या मोठ्या छापखान्यांत मॅक असायचे, पण त्यांच्या किमतीत माझं दुकान गाळ्यासकट आलं असतं. माझं निरीक्षण असं, की सामान्य माणूस ऑपरेटिंग सिस्टीम कधी निवडतच नाही. तो काम निवडतो, आणि शेजारी कोण शिकवू शकेल ते बघतो.

इथे एक जरा रुक्ष भाग आहे, पण त्याच्यावरच पुढचं सगळं अवलंबून आहे. त्या काळच्या मराठी फॉन्टमध्ये मराठी अक्षरं साठवली जातच नव्हती. साठवला जायचा इंग्रजी अक्षराचा क्रमांक, आणि फॉन्ट त्या जागी अर्धा क, काना, वेलांटी असे तुकडे दाखवायचा. कुठला तुकडा कुठे, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. फॉन्ट आहे तोवर मराठी. फॉन्ट गेला की पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा. शाळेची १९९६ ची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका अशीच तयार झाली. तिच्यात १९४६ पासूनच्या प्रत्येक तुकडीची नावं होती. रजिस्टरं वाळवी लागून गेल्यावर ती यादी एवढाच आपला पुरावा उरला, आणि तिच्या छापील प्रती शाळेत दोनच.

संगणक खोली मधल्या काळात वाढली. माजी विद्यार्थ्यांनी आपापल्या कचेऱ्यांतून निवृत्त केलेली मशीन पाठवली. एकूण तेरा झाली. सगळ्यांवर विंडोज एक्सपी. आणि ८ एप्रिल २०१४ ला एक्सपीला मिळणारी सुरक्षा दुरुस्ती थांबली. नव्या विंडोजला लागणारी मेमरी या मशीनमध्ये नव्हती. शाळा समितीच्या बैठकीत ठराव आला, की संगणक भंगारात द्यावेत आणि खोली क्रीडा साहित्यासाठी वापरावी. नवीन घ्यायला पैसे नव्हते, हे सगळ्यांनाच माहीत होतं.

मी लिनक्सचं सुचवलं. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने सुरू केलेली ही प्रणाली मला मासिकाबरोबर आलेल्या सीडीतून माहीत झाली होती. नंतर उबुंटूच्या सीड्या पोस्टाने फुकट यायच्या, त्याही मी मागवल्या होत्या. दुकानात मात्र ती कधी वापरली नाही, कारण माझं काम तिच्यावर चालत नव्हतं. हे मी बैठकीत सांगितलं, तेव्हा एक पालक लगेच म्हणाले, "जे तुम्ही दुकानात ठेवत नाही ते आमच्या पोरांना का शिकवता? नोकरीला एमएससीआयटी मागतात, तिथे विंडोज असतं." त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. सरकारी नोकरीच्या जाहिरातीत ती अट असतेच. मी केरळचं उदाहरण दिलं, तिथल्या सरकारी शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर शिकवतात. ते म्हणाले, केरळात आपली मुलं परीक्षेला बसणार नाहीत.

तोडगा मुख्याध्यापिका बाईंनी काढला. दोन बऱ्यापैकी मशीनची मेमरी वाढवून रीतसर परवाना विकत घेऊन विंडोज ठेवायचं, परीक्षेच्या सरावासाठी. बाकीच्या अकरांवर उबुंटूची हलकी आवृत्ती, लुबुंटू. "खोली बंद झाली तर विंडोजही नाही आणि लिनक्सही नाही," एवढंच त्या म्हणाल्या. ठराव एका मताने पास झाला. मी आणि ९९ च्या बॅचचे दोघं, तीन रविवार बसलो. एक मशीन शेवटपर्यंत ऐकलं नाही, त्याचे सुटे भाग कामी आले.

मुलांना फरक पडला नाही. दोन दिवसांत त्यांना मेनू सापडले. त्रास झाला तो आम्हा मोठ्यांनाच. आणि एक गोष्ट फार सोपी झाली: प्रत्येक मशीनवर युनिकोड मराठी आणि इनस्क्रिप्ट, वेगळं काही विकत न घेता. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, फॉन्ट कुठलाही असो. एक्सपीवरही ते जमायचं, पण सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावं लागे आणि मूळ सीडी लागे. दान आलेल्या मशीनबरोबर ती कोण देतं?

मग आम्ही स्मरणिकेची फाइल बाहेर काढली. फॉन्टचं जुनं पॅकेज नव्या मशीनवर चालत नव्हतं, म्हणून कन्व्हर्टरमधून घातली. साधारण मजकूर ठीक आला. गोंधळ नावांमध्ये झाला. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये अक्षराच्या नंतर. रफाराचं नेमकं उलटं. कुऱ्हाडेंचे कुर्हाडे झाले, गोऱ्हेंचे गोर्हे, काही ठिकाणी वेलांटी शेजारच्याच्या आडनावावर जाऊन बसली. नववीच्या मुलींनी पूर्ण उन्हाळी सुट्टी ही यादी छापील प्रतीशी ताडून दुरुस्त केली. दोघींना त्यात आपापल्या आज्या सापडल्या, माहेरच्या नावाने. या स्मरणिकेच्या शेवटी आहे ती हीच यादी, पुढच्या तुकड्या जोडून.

आता १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चंही तेच झालं. विंडोज ११ ला लागणारी सुरक्षा चिप आपल्या त्या दोन मशीनमध्ये नाही. समितीत पुन्हा चर्चा चालू आहे. या वेळी क्रीडा साहित्याचा विषय कुणी काढला नाही, एवढा फरक.

राहिल्या भाऊसाहेबांच्या फ्लॉप्या. त्या कचेरीच्या कपाटात बुटाच्या खोक्यात आहेत, एकूण चोवीस. गंमत अशी, की त्या वाचता आल्या तर १९९६ च्या फाइलीपेक्षा सोप्या जातील. त्या इस्कीत आहेत, आणि युनिकोडची देवनागरी इस्कीच्याच मांडणीवरून बेतलेली आहे. अडलंय ते फक्त ड्राइव्हवर. कुणाच्या माळ्यावर, जुन्या कचेरीत सव्वापाच इंची चालू ड्राइव्ह असेल तर कृपया शाळेत कळवा. मशीनसकट असेल तर मी न्यायला येतो.