दारूचे माप आणि शिकारीचे अंतर

‘फुसका बार’ हा शब्दप्रयोग आपण वृत्तपत्रांतील राजकीय मथळ्यांत नेहमी वाचतो. परंतु बार भरणे ही एकेकाळी हातांनी करावयाची आणि प्रसंगी जिवावर बेतणारी कृती होती, याचे स्मरण भाषेने ठेवले असले तरी आपण ठेवलेले नाही. ठासणीच्या बंदुकीत नळीच्या तोंडातून मोजलेली दारू ओतावी, तीवर चिंधीचा बोळा गजाने ठासावा, मग शिशाची गोळी, पुन्हा बोळा. अखेरीस नळीच्या कानाशी चिमूटभर रंजक. कधी रंजक नुसतीच भुर्रकन जळून जाई आणि आतला बार तसाच राही. आपल्या शिकारकथांत मचाण असते, डरकाळी असते, चांदणेही असते. या मोजमापाला मात्र दोन ओळींपलीकडे जागा मिळत नाही. वास्तविक बंदुकीच्या शिकारीचा इतिहास हा पुष्कळसा अंतराचा इतिहास आहे, आणि ते अंतर दारूच्या मापाने ठरत आले आहे. म्हणूनच माप कोणाच्या हाती होते, हा प्रश्न मला कोणी किती वाघ मारले या प्रश्नाहून अधिक महत्त्वाचा वाटतो.

घनसावंगीच्या परिसरात हा प्रश्न विशेष स्पष्ट होतो. जालना जिल्ह्याचा हा दक्षिण भाग गोदावरीच्या उत्तर तीराला टेकलेला आहे. समर्थ रामदासांचे जन्मगाव जांब याच तालुक्यातले. जमीन काळी आणि सपाट, झाडी विरळ, मध्ये मध्ये उघडे माळ. अशा मुलखातले शिकारीचे जनावर म्हणजे काळवीट. घनदाट अरण्यात झाडीच शिकाऱ्याला जनावराच्या जवळ नेते. येथे उलट, उघडा माळ हाच काळविटाचा किल्ला. त्याची नजर दूरवर पोहोचते आणि एकदा उधळले की त्याला गाठणे माणसाच्या पायांचे काम नव्हे.

या किल्ल्याला भेदण्याचे दोन मार्ग होते. एक पारध्याचा. फासेपारधी आपल्या शिकवलेल्या बैलाच्या किंवा गाईच्या आडोशाने कळपाजवळ सरकत आणि वाटेवर फासे मांडीत. चित्तेवाले पारधी पाळीव चित्ता सोडीत. संस्थानिकांना या खेळाचे इतके वेड की भारतीय चित्ते मिळेनासे झाल्यावर कोल्हापूर दरबाराने आफ्रिकेतून चित्ते आणविले. या साऱ्या विद्येचा पाया एकच, जवळ जाणे. पारध्याला जनावराचा वारा, त्याची सवय आणि त्याची वाट ठाऊक असावी लागे. दुसरा मार्ग दारूचा. तो जवळ जाण्याची गरजच कमी करीत गेला.

दारू मुळात साधी वस्तू आहे: सोरा, गंधक आणि कोळसा. सोरा जुन्या वस्तीच्या व गोठ्यांच्या मातीत आपोआप तयार होतो. गंधक मात्र बहुधा बाहेरून आणावे लागे. दारूचा शत्रू म्हणजे ओल. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरचा दारूखाना घरांपासून दूर असावा आणि दारू वरचेवर बाहेर काढून तिला ऊन द्यावे, अशा अर्थाची तजवीज सांगितली आहे. राज्यनीतीच्या ग्रंथात हा इतका घरगुती तपशील यावा, यावरूनच त्याचे महत्त्व कळते. मराठवाड्याची भूमी दारूला अपरिचित नव्हती. याच जालना जिल्ह्यातील असईच्या रणात २३ सप्टेंबर १८०३ रोजी शिंद्यांच्या तोफांनी वेलस्लीच्या विजयी फौजेचीही जबर हानी केली. पण तोफेची दारू सरकारी, आणि शिकाऱ्याची दारू त्याच्या स्वतःच्या शिंगड्यातली. शिकाऱ्याच्या गुळगुळीत नळीच्या बंदुकीतून सुटलेली गोल गोळी शंभर पावलांच्या आतच भरवशाची असे. म्हणजे बंदूकवाल्यालाही अजून पारध्याची थोडी विद्या अवगत असणे भाग होते.

हे चित्र पालटले ते नळीतल्या आट्यांनी आणि मापाच्या शास्त्राने. इंग्रज अधिकाऱ्यांना दख्खनमध्ये शिकारीचा नाद होताच. अजिंठ्याची लेणी १८१९ मध्ये जॉन स्मिथ या मद्रास फौजेतल्या अधिकाऱ्याच्या दृष्टीस पडली, ती वाघाच्या मागावर असताना. पण नाद आणि शास्त्र यांत फरक आहे. शास्त्र लिहिले कॅप्टन जेम्स फोर्साइथ याने. ‘हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ (१८७१) या ग्रंथामुळे त्याचे नाव आपल्याकडील अभ्यासकांना ठाऊक असते. परंतु त्याआधी, १८६३ मध्ये, त्याने शिकारी रायफल आणि तिची गोळी या एकाच विषयावर स्वतंत्र पुस्तक प्रसिद्ध केले होते. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: नळीतल्या आट्यांचा पीळ मंद ठेवा, सुमारे साडेआठ फुटांत एक वेढा इतका, मग गोल गोळीमागे दारूचा भारी बार घालता येतो आणि गोळी आट्यांवरून न घसरता वेगाने, सरळ रेषेच्या जवळपास जाते. अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम चुकत नाही. जमिनीचे मोजमाप आणि महसूल ठरविणाऱ्या या अधिकाऱ्याने दारूचेही मोजमाप करावे, यात मला त्या काळाची सगळी वृत्ती दिसते.

अंतर आणि वेग यांचे नाते येथे समजून घेतले पाहिजे. सुटलेली गोळी त्या क्षणापासून खाली पडू लागते, आणि प्रवासाला दुप्पट वेळ लागला तर ती सुमारे चौपट खाली येते. म्हणून पन्नास पावलांवर दारू थोडी कमी-अधिक झाली तरी चालते. दोनशे पावलांवर तोच फरक गोळीला काळविटाच्या छातीऐवजी पोटात किंवा पायांत नेतो. जखमी जनावर मग कोसभर जाऊन मरते. आजही अमेरिकेत लांब पल्ल्याचे शिकारी स्वतःची काडतुसे स्वतः भरतात, ती याचसाठी. उडालेले पितळी कवच पुन्हा आकारात आणून त्यात नवी टोपी, तोललेली दारू आणि निवडलेली गोळी बसवितात. त्यांचा तराजू ग्रेनचा दहावा भाग दाखवितो. आपल्या सोनाराच्या गुंजेचा हा जवळजवळ अठरावा हिस्सा झाला.

आपल्याकडे मात्र हे माप शिकाऱ्याच्या हातून निसटत गेले, आणि त्याला शास्त्राइतकेच राजकारण कारणीभूत आहे. ‘काडतूस’ हा शब्द पोर्तुगिजांनी दिला. आरंभी ते कागदाचेच होते: मोजलेली दारू आणि गोळी एका पुडीत. एन्फील्ड रायफलीच्या पुडीवरील चरबीने १८५७ मध्ये काय केले, हे सर्वश्रुत आहे. तितकेसे सांगितले जात नाही ते हे की, त्या जानेवारीत सरकारने शिपायांना काडतुसाला लावण्याचे वंगण स्वतः तयार करण्याची मुभा दिली होती. ज्या वस्तूला दातांनी स्पर्श करावयाचा ती कोणाच्या हातची आहे, हा प्रश्न सरकारला अखेर कळला, पण उशिरा. जूनमध्ये जालन्याशेजारच्या औरंगाबादेत हैदराबाद कॉन्टिन्जंटचे घोडदळ बिघडले आणि पुण्याहून आलेल्या वुडबर्नच्या फौजेने ते मोडून काढले.

त्यानंतर काडतूस कारखान्यात गेले. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा. पितळी काडतुसाच्या काळातही गोरे शिकारी पेटीत साचा आणि भरण्याची हत्यारे बाळगीत. धूर सोडणारी काळी दारू होती तोवर हे सुलभ होते. धूरविरहित दारू आल्यावर मात्र जुन्या मापाने नवी दारू भरणे म्हणजे नळी फोडून घेणे ठरले. हाताच्या अंदाजाला तेथे जागा उरली नाही. दुसरीकडे १८७८ च्या शस्त्र कायद्याने ब्रिटिश हद्दीत बंदुकीबरोबर दारूगोळाही परवान्याखाली आणला. सरकारच्या भीतीचा सर्वांत बोलका पुरावा विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातला आहे. पॉइंट ४५० व्यासाच्या शिकारी रायफली व काडतुसे हिंदुस्थानात आणण्यास तेव्हा बंदी झाली. शिकाऱ्याच्या काडतुसातील गोळी काढून ती चोरलेल्या मार्टिनी-हेन्री रायफलीसाठी पुन्हा भरली जाईल, हे त्यामागचे भय. लंडनच्या बंदूककारांनी मग ४६५ आणि ४७० व्यासाच्या नव्या रायफली काढल्या. आजच्या संग्राहकांना प्रिय असलेल्या त्या महागड्या बंदुका, अशा रीतीने, हाताने बार भरू शकणाऱ्या एतद्देशीय माणसाच्या धाकाने जन्मल्या.

पारध्याचे काय झाले? १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याची परंपरा त्याच्या कपाळी आली आणि १९५२ मध्ये ती कागदावरून पुसली गेली. १९५९ च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे साऱ्या देशात गुन्हा ठरविले. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकारच संपविली. काळविटासाठी हे उपकारक झाले, यात शंका नाही. परवानाधारकाच्या बंदुकीने आणि पारध्याच्या फाशाने काळवीट सारखेच मरत होते. फरक इतकाच की पहिल्याला ‘शिकारी’ म्हटले गेले आणि दुसऱ्याला ‘चोरटा’.

कालव्याच्या पाण्याने आता घनसावंगीकडे ऊस उभा आहे, आणि उसात रानडुकरे. एका रात्रीत अर्धा एकर ऊस लोळविलेला पाहणाऱ्या शेतकऱ्याला काळविटाचे सौंदर्य सांगणे सोपे नाही. वन्यजीव कायद्याच्या कलम ११ मध्ये पिकाची नासधूस करणाऱ्या जनावरासाठी परवानगीची तरतूद आहे. पण परवानगी मिळाली तरी परवान्याची बंदूक हवी, आणि ती गावात एखाद-दुसऱ्याच घरी. मग महाराष्ट्रात ठिकठिकाणी दोन गोष्टी घडतात. कोणी कुंपणाच्या तारेत वीज सोडतो आणि त्यात डुकराबरोबर कधी शेजारचा माणूस मरतो. कोणी पिठाच्या गोळ्यात स्फोटक दडवून तो बांधावर ठेवतो. जनावराचा जबडा फाटतो आणि ते कित्येक दिवस उपाशी हिंडते. यात दारू पुन्हा हाताने भरलेली आहे, पण नेम धरणारा कोणी नाही आणि अंतरही नाही. भरणारा त्या वेळी घरी झोपलेला असतो.