घोड्याचं काळीज आणि कागदावरची रेघ

मापन म्हणजे नेमकं काय, हा आपल्या या व्याख्यानांचा धागा आहे. आज तो थेट पागेत नेऊन बांधायचा आहे. तत्त्वज्ञानाच्या निवृत्त मास्तराचा घोड्याशी काय संबंध, असं काही जणांना वाटेल. संबंध आमच्या नाडीमुळे आला. चार वर्षांपूर्वी तिने ताल सोडला. तपासणाऱ्या तरुण डॉक्टरांनी छातीला तारा लावल्या, कागद बाहेर काढला, निरखला आणि म्हणाले, "सर, अलिंदं थरथरताहेत. घोड्यांमध्येही हे बरंच आढळतं." सत्तरी ओलांडल्यावर कुणी आपल्याला घोड्याच्या पंक्तीला बसवावं, याचा आम्हाला आनंदच झाला. घरी आलो आणि वाचायला बसलो.

पहिल्यांदा भेटला तो फार लॅप. न्यूझीलंडमध्ये १९२६ साली जन्मलेला, ऑस्ट्रेलियात गाजलेला, १९३० चा मेलबर्न कप जिंकलेला घोडा. १९३२ च्या एप्रिलमध्ये तो कॅलिफोर्नियात अचानक मेला. लोकांचं प्रेम असं की त्याची वाटणीच झाली म्हणा ना. भुसा भरलेलं कातडं मेलबर्नला, सांगाडा न्यूझीलंडला आणि हृदय कॅनबेराला. ते हृदय आज तिथल्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. वजन ६.२ किलो; शेजारी तुलनेला दिलेला सामान्य घोड्याच्या हृदयाचा आकडा ३.२ किलो. आपण 'वाघाचं काळीज' म्हणतो ना, तसं ऑस्ट्रेलियात 'फार लॅपचं काळीज' म्हणतात.

ही कल्पना त्याहून जुनी आहे. अठराव्या शतकात इंग्लंडात एक्लिप्स नावाचा घोडा होऊन गेला, एकही शर्यत न हरलेला. १७८९ मध्ये तो मेला तेव्हा सँबेल या फ्रेंच पशुवैद्याने त्याचं विच्छेदन केलं, आणि हृदय भरलं १४ पौंड. हेच सँबेल पुढे १७९१ मध्ये लंडनच्या पशुवैद्यक महाविद्यालयाचे पहिले प्राध्यापक झाले. अमेरिकेतला सेक्रेटेरियट १९८९ मध्ये गेला. त्याचं हृदय २२ पौंडांचं होतं असं सगळीकडे छापलेलं असतं. पण ते हृदय काट्यावर ठेवलंच नव्हतं! तपासणाऱ्या डॉक्टरांनी पुढे दुसऱ्या एका मोठ्या घोड्याचं हृदय तोललं, त्यावरून हा अंदाज केला. अंदाज जाणत्या माणसाचा आहे, पण तो अंदाज आहे. आकडा एकदा जन्माला आला की तो कुठून आला हे कुणी विचारत नाही.

आता अडचण बघा. हृदय तोलायचं तर घोडा मेलेला असावा लागतो, आणि विकत घ्यायचं असतं ते जिवंत शिंगरू. म्हणजे छाती न उघडता हृदयाचा आकार सांगणारी काहीतरी युक्ती हवी. ही गरज ध्यानात ठेवा. पुढचा सगळा घोटाळा तिच्यापोटी आहे.

युक्ती हाताशी होती ती ईसीजीची. १८८७ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज रुग्णालयात ऑगस्टस वॉलर यांनी माणसाच्या हृदयाचा विद्युत आलेख पहिल्यांदा काढला. काचेच्या केशनळीतला पारा ठोक्यागणिक किंचित हलायचा, त्याची सावली टिपायची. वॉलरांचा जिमी नावाचा बुलडॉग होता. मिठाच्या पाण्याच्या भांड्यांत पाय ठेवून तो शांत उभा राहायचा. १९०९ मध्ये रॉयल सोसायटीत त्याचं प्रात्यक्षिक झालं आणि कुत्र्याचा छळ होतो म्हणून पार्लमेंटात प्रश्न आला. समुद्रात पाय बुडवून उभं राहिलं तर जसं वाटेल तसंच त्या कुत्र्याला वाटलं असेल, अशा अर्थाचं उत्तर गृहमंत्र्यांनी दिलं.

खरी झेप घेतली विलेम आइंटहोव्हेन यांनी, नेदरलँड्समधल्या लायडनला. चुंबकाच्या दोन ध्रुवांमध्ये चांदीचा मुलामा दिलेला, केसाहून बारीक क्वार्ट्‌झचा धागा ताणला आणि त्याची हालचाल छायापट्टीवर उतरवली. हे यंत्र सुमारे २७० किलोंचं होतं, चालवायला पाच माणसं लागत. रुग्ण यंत्रापाशी आणणं अवघड, म्हणून रुग्णालयापासून प्रयोगशाळेपर्यंत दीड किलोमीटर तार टाकून ठोके आणले. १९२४ मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

घोड्याची पाळी लवकरच आली. १९१३ मध्ये प्रागचे कान, जर्मनीतले नॉर आणि स्वतः वॉलर यांनी घोड्याचे आलेख प्रसिद्ध केले. पण त्याआधी एक गोष्ट घडली होती, आणि ती आमच्या नाडीला फार जवळची. १९०९ मध्ये लंडनच्या टॉमस लुइस यांनी दाखवलं होतं, की काही रुग्णांच्या पूर्णपणे बेताल नाडीमागे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची, म्हणजे अलिंदांची, थरथर असते. कागदावर तशी रेघ होती. पण रेघ म्हणजे थरथर नव्हे. प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय खात्री कशी करायची? कुत्र्यात विजेचा झटका देऊन ती थरथर उत्पन्न करता येई, पण ते झालं मुद्दाम घडवलेलं. जिवंत रुग्णाची छाती केवळ शंका फेडायला उघडता येत नाही. घोड्यात मात्र हा विकार आपोआप होतो. लुइस यांनी बेताल नाडीचे घोडे तपासले, छाती उघडली, आणि थरथरणारी अलिंदं डोळ्यांनी पाहिली. प्रयोगातला कुत्रा आणि खाटेवरचा माणूस यांच्यामधला पूल घोड्याने बांधला तो असा. आमच्या कागदावरच्या रेघेचा अर्थ डॉक्टरांना मिनिटभरात सांगता आला, त्यात त्या घोड्यांचाही वाटा आहे, आणि त्यांना त्याचं काही मिळालं नाही.

आता शर्यतीकडे परत येऊ. सिडनी विद्यापीठातले पशुवैद्यक जे. डी. स्टील यांनी १९५० च्या दशकात शर्यतीच्या घोड्यांचे आलेख जमवले, १९६३ मध्ये त्यावर ग्रंथ काढला. आलेखात क्यूआरएस नावाचा टोकदार भाग असतो. विजेची लाट खालच्या मोठ्या कप्प्यांत, निलयांत, पसरते तेव्हाचा. स्टील यांनी पायांवरच्या तीन जोडण्यांतून या भागाची रुंदी मिलिसेकंदात मोजून सरासरी काढली आणि तिला 'हार्ट स्कोअर' म्हटलं. १२० किंवा वर, तर हृदय मोठं. विचार सरळ आहे: स्नायू जास्त, तर लाटेला वेळ जास्त. मेलेल्या घोड्यांच्या हृदयाच्या वजनाशी आणि जिवंतांच्या कमाईशी त्यांना हा आकडा जुळतानाही दिसला. मग काय! पैसेवाल्यांना हवी होती ती गोष्ट मिळाली. शिंगरू घेण्याआधी आकडा विचारला जाऊ लागला. कमी स्कोअरच्या शिंगरावर कोण पैसे लावणार? स्टील लबाड नव्हते, हे आम्ही मुद्दाम सांगतो. त्यांनी नीट मोजलं होतं. पण जे मोजलं ते काय होतं?

१९६५ मध्ये अमेरिकेत हॅमलिन आणि स्मिथ यांनी दाखवलं, की सस्तन प्राण्यांत लाट पसरण्याच्या निरनिराळ्या तऱ्हा आहेत. हृदयात वीज वाहून नेणारे बारीक तंतू असतात. पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने १८३९ मध्ये ते मेंढीच्या हृदयात वर्णिले. माणसात आणि कुत्र्यात हे तंतू निलयाच्या आतल्या पृष्ठभागालगतच थांबतात, आणि पुढे लाट स्नायूतून स्नायूत, आतून बाहेर सरकत जाते. घोड्यात ते भिंतीत खोलवर, जवळजवळ बाहेरच्या बाजूपर्यंत शिरतात. गावात एक माणूस दवंडी पिटत फिरला, तर त्याला लागलेल्या वेळावरून गाव केवढं हे कळेल. घरोघरी एकाच वेळी फोन वाजला, तर वेळावरून काय कळणार? घोड्याच्या निलयात असे फोन वाजतात. भिंतीचा बहुतेक भाग एकदमच पेटतो, समोरासमोरचे प्रवाह एकमेकांना खोडतात, आणि त्या मोठ्या स्नायूचा बराचसा हिशेब कागदावर उमटतच नाही.

न्यायशास्त्र शिकलेल्यांना इथे 'उपाधी' आठवेल. धूर दिसला तर अग्नी आहे, हे अनुमान बरोबर. पण अग्नी आहे म्हणून धूर असणारच, हे चूक. त्याला ओलं इंधन लागतं. ती ओल म्हणजे उपाधी. हृदय मोठं म्हणून रेघ रुंद, यातही अशी एक ओल दडलेली होती: तंतू आतल्या थरातच थांबले पाहिजेत. माणसात ती अट पाळली जाते, घोड्यात नाही. नैयायिकांना मिलिसेकंद ठाऊक नव्हता, पण ही चूक त्यांनी ओळखली असती असं आम्हाला वाटतं. पुढे अल्ट्रासाउंडने जिवंत घोड्याचं हृदय थेट दिसू लागलं, आणि हार्ट स्कोअरचा भरवसा ओसरला. मधल्या काळात किती शिंगरं त्या आकड्यापायी नाकारली गेली याचा हिशेब कोण देणार?

मग घोड्याच्या ईसीजीला अर्थच नाही का? आहे, आणि पुष्कळ आहे. तो आकार सांगत नाही, ताल सांगतो. त्यासाठी जोडणीसुद्धा बदलली. आइंटहोव्हेनचा त्रिकोण दोन हात आणि एक पाय यांच्यावर उभा आहे. घोड्याचे पुढचे पाय छातीखाली खांबासारखे, तिथे तो नीट बसत नाही. म्हणून आता एक टोक मानेच्या तळाशी आणि दुसरं डाव्या कोपरामागे, हृदयाच्या टोकापाशी लावतात.

विश्रांतीत घोड्याचे ठोके मिनिटाला ३० ते ४०, भरधाव दौडीत २२० च्याही वर. एवढा पल्ला असलेल्या हृदयाला स्वस्थ वेळी आवरून धरावं लागतं, आणि ते काम करणारी व्हेगस नावाची नस घोड्यात फार जोरदार असते. त्यामुळे शांत उभ्या असलेल्या, ठणठणीत घोड्याचा एखादा ठोका मधूनच गळतो. कागदावर अलिंदाची छोटी लाट येते आणि मागून निलयाची येतच नाही. माणसाच्या कागदावर डॉक्टर याची चौकशी करतील; घोड्यात बहुधा ती तब्येतीचीच खूण असते. अलिंदं थरथरत असतील तर चित्र वेगळं. छोट्या लाटाच नाहीशा होतात आणि ठोक्यांमधल्या अंतराला काही नियम उरत नाही. असा घोडा उभा असताना पुष्कळदा बरा दिसतो, शर्यतीत मात्र मागे पडतो. त्याला सिंकोनाच्या सालीतलं क्विनिडिन देतात.

या दोहोंतला फरक सांगणारी जुनी परीक्षा यंत्राशिवायही होते. आपल्याकडे घोड्याच्या वैद्याला सलोत्री म्हणत, शालिहोत्रावरून आलेला शब्द. आजचा पशुवैद्यही नाडी जबड्याच्या खालच्या कडेला बोटं ठेवूनच पाहतो. ठोका गळताना आढळला तर घोड्याला थोडा दुडक्या चालीने फिरवून आणायला सांगतो, आणि लगेच पुन्हा ऐकतो. नस सैल सुटली आणि ताल नियमित झाला, तर घोडा पागेत परत जातो. गोंधळ तसाच राहिला, तर तारा लावतात.