देवराईचा कौल

स्वारगेटहून वेल्हे, भोर, पानशेतकडे जाणाऱ्या एसटीच्या वाटेवरच्या अनेक गावांनी आपल्या देवराया पिढ्यान्‌पिढ्या राखल्या. शिरकोलीची शिरकाई, ठिकठिकाणच्या वाघजाई आणि काळकाई या त्यांच्या धनिणी. राईतले झाड कोणा एका घराचे नसे. कुऱ्हाड लावायची तर गाव एकत्र बसे आणि गुरव देवीला कौल लावी. ओली फुले किंवा पाकळ्या मूर्तीवर चिकटवत. उजवीकडचे आधी पडले तर होकार, डावीकडचे पडले तर नकार. गावाचा विचार असा सगळ्यांच्या डोळ्यांदेखत ठरे. पाटलाने एकट्याने दिलेल्या परवानगीपेक्षा ही रीत नक्कीच पक्की होती, कारण पाकळीला लाच देता येत नाही. (पाकळी चिकटवणाऱ्याला देता येत असेल, ती गोष्ट वेगळी.) सहसा वाळके लाकूडही बाहेर जात नसे, देवळाच्या दुरुस्तीपुरती तेवढी मुभा मिळे.

इंग्रजी अमलात वनखाते आले आणि बऱ्याच राया सरकारी जंगलात गेल्या. गावाची संमती कागदावर बिनमहत्त्वाची ठरली. पुढे कोळशाच्या भट्ट्या, रस्ते, धरणे यांनी उरलेल्यांपैकी बऱ्याच राया खाल्ल्या. पुण्याच्या महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्समधील वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970च्या दशकात टिकून राहिलेल्या रायांची पाहणी केली. श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावाने तर आपली राई तोडीपासून वाचवायला त्यांचीच मदत मागितली. त्यांचे लेख 1975 आणि 1976 साली प्रसिद्ध झाले.