पायदानाचं रबर आणि ‘मूळ’ गाडी

दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याची मेबॅक आली की सगळ्यांचे मोबाईल वर होतात. बॉनेटचा फोटो निघतो, दिव्यांचा निघतो. दाराखालच्या पायदानाचा, म्हणजे रनिंग बोर्डाचा फोटो काढणारा मात्र मी अजून बघितला नाही. म्हणून आज जुन्या गाड्यांच्या त्या दुर्लक्षित फळीबद्दल, आणि खास करून तिच्यावरच्या रबराबद्दल लिहितोय. पोस्ट लांब आहे, सवडीनं वाचा.

पायदान घोडागाडीकडून मोटारीकडे आलं. जुन्या मोटारींची बॉडी फ्रेमच्या वर बसवलेली असायची, त्यामुळे आत चढायला पायरी लागायचीच. दोन मडगार्डांना जोडणारी ही फळी चाकानं उडवलेला चिखलही अडवायची. आधी ती लाकडाची असे, वर लिनोलियम आणि कडेला धातूची पट्टी. फोर्डनं मॉडेल टीला नक्षी दाबलेला पोलादी पत्रा दिला. तिच्यानंतर १९२७ च्या अखेरीस आलेल्या मॉडेल ए ला पत्र्यावर रेघारेघांचं रबर होतं. पुढच्या दशकात तर पत्र्यावरच साच्यात रबर भाजून चिकटवायची पद्धत रूढ झाली. अशाच काळात, १९२८ मध्ये, जनरल मोटर्सनं मुंबईत शिवडीला गाड्या जुळवायला सुरुवात केली. आपल्याकडच्या कितीतरी शेवरोले तिथूनच रस्त्यावर आल्या.

रबरच का? कारण ओल्या पायाला पकड मिळते, खडे लागून पत्रा वाजत नाही आणि रंगही उडत नाही. पण हे रबर फुकट आलेलं नव्हतं. चार्ल्स गुडइयरनं १८३९ मध्ये गंधक आणि उष्णता वापरून रबर टिकाऊ केलं, त्यानंतर जगाची भूक वाढतच गेली. बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाच्या ताब्यातल्या काँगोत रबर गोळा करायला लोकांवर जी जबरदस्ती झाली, ती युरोपातही इतकी गाजली की १९०८ मध्ये राजाला तो मुलूख सोडावा लागला. तिकडे १८७६ मध्ये हेन्री विकहॅमनं ब्राझीलहून रबराचं बी लंडनच्या क्यू बागेत नेलं होतं. त्यातूनच सिलोन आणि मलायातले मळे उभे राहिले. मलायाच्या मळ्यांत पहाटे झाडाला चीर देऊन चीक काढणारे हात बरेचसे तमिळ मजुरांचे, म्हणजे आपल्याच देशातून गेलेल्या माणसांचे होते. १९३० च्या दशकातल्या पायदानावरचं रबर बहुतेक अशाच मळ्यांतलं. १९४२ मध्ये जपाननं मलाया आणि सिंगापूर घेतलं, तेव्हा अमेरिकेत सरकार लोकांकडून जुनं रबर पौंडाला एक सेंट भावानं गोळा करत होतं!

तोवर पायदान स्वतःच जायला लागलं होतं. गाड्या बुटक्या झाल्या, बॉडी रुंद होऊन मडगार्डापर्यंत आली आणि पायरीची गरज संपली. १९३६ च्या कॉर्ड ८१० ला पायदान नव्हतंच. फोक्सवॅगन बीटलनं मात्र ते शेवटपर्यंत सोडलं नाही. २००३ मध्ये मेक्सिकोत शेवटची बीटल निघाली, तिलाही पायदान होतं.

आता आजचा प्रश्न. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं व्हिंटेज गाड्यांसाठी नियम केले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ स्वरूपात राखलेली गाडी ‘व्हीए’ मालिकेत नोंदवता येते. नव्या नोंदणीला २० हजार, फेरनोंदणीला ५ हजार. चासी, बॉडी शेल, इंजिन यांत मोठा फेरबदल नको, असं नियम म्हणतो. चांगलंच आहे. पण पायदानाचं रबर यात कुठं बसतं? कुठंच नाही. म्हणजे जबाबदारी मालकाची आणि मिस्त्रीची.

आणि तिथंच घोळ होतो. रबराला उन्हानं भेगा पडतात. गाडी चकाकावी म्हणून डिझेलच्या फडक्यानं पुसायची आपली जुनी सवय, त्यानं रबर फुगतं. कडेनं पाणी शिरतं आणि रबर वरून धड दिसत असताना खालचा पत्रा कुजत राहतो. मग कुणीतरी सांगतं, ‘काढून टाका हो, चेकर्ड प्लेट मारू, मजबूत होईल.’ अशी चेकर्ड प्लेट मारलेली जुनी गाडी मी बघितली की जुन्या वाड्याच्या दिंडी दरवाजाला रोलिंग शटर लावल्यासारखं वाटतं.

माझं म्हणणं इतकंच की रबर बदलायला हरकत नाही. ते झिजण्यासाठीच असतं. पण बदलण्याआधी त्याची नोंद ठेवा. रेघा किती, दोन रेघांत अंतर किती, रेघेची उंची किती, कडेला रबर पत्र्याखाली किती वळवलंय, हे मोजा. कागद ठेवून पेन्सिलीनं घासून ठसा घ्या. जुन्या रबराचा वीतभर तुकडा जपून ठेवा, फेकू नका.

मग काम. रबर जाळून काढू नका, पत्रा वाकतो. हलकी उष्णता देऊन खरवडा. गंज काढा, कुजलेल्या जागी ठिगळ वेल्ड करा, प्रायमर मारा. पुढं दोन वाटा आहेत. एक, साचा करून कच्चं रबर पत्र्यावर दाबून भाजायचं. खर्चिक, पण मूळच्या सगळ्यात जवळचं. दुसरी, तयार रेघांची शीट चिकटवायची. गोंद दोन्हीकडं लावा, बोटाला चिकटेनासा होईपर्यंत थांबा आणि मधून कडेकडं रोलर फिरवा. एकदा टेकलं की सरकत नाही. ईपीडीएम रबर उन्हाला चांगलं टिकतं, पण त्याला गोंद नीट धरत नाही, हे आधी विचारून घ्या.

ओतकाम, डाय, साचे हे आपल्या उद्यमनगरचं रोजचं काम. एका गाडीसाठी साचा परवडत नाही हे खरं, पण त्याच मॉडेलच्या चार मालकांनी मिळून केला तर परवडू शकतो. तो साचा एखाद्या आयटीआयमध्ये किंवा संग्रहालयात राहिला, तर पुढच्या पिढीलाही उपयोगी पडेल. सरकारी नियमाची वाट बघायची गरज नाही.

तुमच्या घरी, गावात, शेडमध्ये पायदान असलेली जुनी गाडी असेल तर दाराखालचा फोटो कमेंटमध्ये टाका. फाटकं रबर असलं तरी चालेल. फाटकं असेल तर आधी टाका.